आदिस अबाबातलं पिठलं आणि तिथला भूप

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुण्यातच कॉर्पोरेट ट्रेनिंग करता, आता पहिल्यांदा बाहेरच्या बॅचेस मिळाल्या आहेत: जकार्ता, फ्रँकफर्ट, लिस्बन, आणि येताना दुबईत दोन दिवस. दिवसभर सेशन, संध्याकाळ मोकळी. शाकाहारी आहात, अंडं चालतं. खोलीत बसून पाकिटातला उपमा खात परत यायचं नाहीये. गाण्याची आवड आहे, पण परक्या गावात कुठे काय ऐकायचं ते कळत नाही. आणि मध्येच दिवाळी येते, तर बॅचसाठी फराळ न्यावा का?

मी बावीस वर्षं हेच करतेय. चाकणच्या शॉप फ्लोअरवरचे सुपरवायझर आणि परदेशातले बँक मॅनेजर यांना सारखीच स्लाइड दाखवून पोट भरते. पहिल्या तीन-चार दौऱ्यांत मीही उपमाच खाल्ला. मग एकदा लक्षात आलं, की पर्यटकाला लाख रुपये मोजून मिळत नाही ते आपल्याला पहिल्या दिवशी सकाळी नऊला फुकट मिळतं: वीस-पंचवीस स्थानिक माणसं, तीन दिवस एकाच खोलीत, आणि त्यांना काहीही विचारायची मुभा.

फक्त ‘इथे चांगलं हॉटेल कुठलं’ असं विचारू नका. त्यावर ते प्रेमाने भारतीय हॉटेलचा पत्ता देतात आणि तुम्ही आठ हजार किलोमीटर जाऊन पनीर बटर मसाला खाता. मी आइसब्रेकरमध्ये दोन प्रश्न घालते. एक, आजारातून उठल्यावर तुमच्या घरी पहिल्यांदा काय खायला देतात? दोन, घरच्या लग्नात पाहुणे गेल्यावर, घरचेच उरल्यावर कुठलं गाणं निघतं? उत्तरं फ्लिपचार्टवर लिहायला लावते. बॅच मोकळी होते हा झाला कामाचा भाग. तो कागद मी संध्याकाळी घडी करून पर्समध्ये टाकते, हा माझा.

पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी तांदळाची पेजच येते. जपानात ओकायु, वर आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ. इंडोनेशियात बुबुर. पोर्तुगालमध्ये कांजा, म्हणजे कोंबडीच्या पाण्यातला भात, आणि हा शब्द मल्याळममधल्या ‘कंजी’वरून तिकडे गेलेला. आपली कांजी ती हीच. त्यांनी आपल्याला पाव दिला आणि जाताना पेज घेऊन गेले.

तुमच्या यादीत इथिओपियातलं आदिस अबाबा नाही. तरी त्याबद्दल सांगते, कारण ही सगळी गंमत मला तिथे कळली.

तिथली माझी सुरुवात फजितीची होती. ड्रायव्हरला सांगितलं, उद्या आठला या. तो हो म्हणाला. सकाळी साडेआठपर्यंत मी हॉटेलच्या दारात लॅपटॉपची बॅग धरून उभी, शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने दुसरी गाडी बोलावली. आमचे ड्रायव्हरसाहेब दुपारी बरोबर दोनला हजर! इथिओपियात घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे दिवसाचे आठ म्हणजे आपले दुपारचे दोन. त्याची काहीच चूक नव्हती. तेव्हापासून मी वेळ सांगताना ‘तुमचे की माझे’ विचारते. आणि ते शहर सुमारे २,३५० मीटरवर आहे, महाबळेश्वरापेक्षा हजारेक मीटर उंच. पहिल्या दिवशी बोलता बोलता धाप लागते, तेव्हा वाक्यं लहान ठेवा.

तर बुधवारची दुपार. लंच ब्रेक. मी सवयीने विचारलं, व्हेज काही आहे का? समोरच्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, ‘आज आमचा सगळ्यांचा उपासच आहे.’ माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं जेवणच नाही. पण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास म्हणजे मांस, दूध, लोणी, अंडं वर्ज्य, बाकी पोटभर. दर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय ईस्टरच्या आधीचा मोठा उपास वेगळा. म्हणजे शाकाहारी माणसाने ‘व्हेज’ म्हणायचंच नाही, ‘त्सोम’, म्हणजे उपासाचं, म्हणायचं. समोर येतं बेयायनेतु: मोठ्या परातीएवढी इंजेरा आणि तिच्यावर जागोजागी मसुराची तिखट आमटी, पालेभाजी, कोबी-गाजर, बीट. एवढंच बघा, की काही जण उपासाला मासा चालवून घेतात. तेवढं आधी विचारून घ्या.

इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याची. पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं, मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजायचं. आंबोळीला पडते तशी जाळी पडते, त्या भोकांना ते ‘डोळे’ म्हणतात. डोळे नीट पडले नाहीत तर भाजणारणीला बोलणी बसतात. आमच्याकडे घावन चिकटला की बसतात तशीच.

आणि मग आलं ते मातीचं भांडं. आत काहीतरी तपकिरी-लाल, अजून रटरटत असलेलं, मध्येच बुडबुडा फुटून कडेला शिंतोडा उडतोय. वास लसणाचा आणि भाजलेल्या डाळीच्या पिठाचा. मी एक घास घेतला आणि मराठीत मोठ्याने म्हणाले, ‘अगं बाई, पिठलं!’ त्याचं नाव शिरो. हरभऱ्याचं किंवा बाकल्याचं पीठ, कांदा, लसूण, आणि हळद-हिरव्या मिरचीऐवजी बेरबेरे नावाचा लाल मसाला. पिठल्यापेक्षा गुळगुळीत, कारण पिठात मसाले आधीच भाजून दळलेले असतात. भाकरीऐवजी इंजेरा. बाकी पुण्यातलं रविवारचं जेवण.

शेजारी बसलेल्या ताईंनी, त्या अकाउंट्समध्ये होत्या, पन्नाशीच्या, इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात शिरो आणि पालेभाजी गुंडाळली आणि थेट माझ्या तोंडाशी आणली. मी मागे सरकले. सगळे हसले. त्याला गुर्शा म्हणतात: घास भरवणं. जेवढा मोठा घास तेवढं प्रेम जास्त, आणि नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी तोंड उघडलं. त्यानंतरच्या दोन दिवसांत त्या बॅचने जे रोल प्ले केले तसे मला पुण्यातल्या बॅचकडूनही कधी मिळाले नाहीत.

जेवणानंतर कॉफी. हिरव्या बिया आपल्यासमोर धुऊन कढईत भाजतात, कढई प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवतात, मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. तिसरी न घेता उठायचं नाही. जेवणानंतरचं सेशन पाऊण तास उशिरा सुरू झालं, पण एकही माणूस पेंगला नाही.

आता गाणं. मी लहानपणी गांधर्वच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या, मग दहावी आली आणि गाणं सुटलं. म्हणजे माझा कान अर्धवट शिकलेला आहे, आणि प्रवासात तो पुरतो. लग्नाच्या प्रश्नाला त्या बॅचमधल्या सहा जणांनी एकच शब्द लिहिला होता: तिझिता. अर्थ ‘आठवण’. गाण्याच्या एका जातीचं नावही तेच आणि ते ज्या स्वरांत बांधतात त्या मांडणीचं नावही तेच. संध्याकाळी ते मला अझमारी गायकाच्या ठिकाणी घेऊन गेले. बुटक्या स्टुलांवर बसायचं, समोर एक माणूस मासिंको घेऊन. पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं खोकं, वर कातडं, आणि घोड्याच्या केसांची एकच तार. त्याने गज ओढला आणि माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं: सा रे ग प ध. भूप! मध्यम नाही, निषाद नाही.

त्यांच्याकडे अशा चार मुख्य मांडण्या आहेत: तिझिता, बाती, अंबासेल, अंचिहोये. अंबासेल घ्या: सा, कोमल रे, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत. ही आपली गुणक्री. पुढे जपानात कोतो या तंतुवाद्यावर ‘साकुरा साकुरा’ हे गाणं ऐकलं, तिथेही तेच पाच स्वर. जपानी लोक भूपाच्या स्वरांना ‘योनानुकी’ म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा वगळलेला. आपण म-नी वर्ज्य म्हणतो त्याचा हा शब्दशः अनुवाद वाटावा, आणि दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही. अर्थात स्वर जुळले म्हणून राग जुळला असं कोणी म्हणालं तर आमच्या गाण्याच्या बाईंनी कान पिळला असता. तिझिता गाणारा आपल्यासारखा गंधारावर विसावत नाही. तो आवाज हलवत, जवळजवळ हुंदका देत खाली येतो. पण पहिले पाच स्वर ओळखीचे निघाले की पुढचं अनोळखी ऐकायला धीर येतो, एवढा फायदा नक्की.

अझमारीचं दुसरं काम समोरच्यांवर तिथल्या तिथे कडवी रचणं. बोलण्यात वर एक अर्थ, आत दुसरा. त्याला ते ‘मेण आणि सोनं’ म्हणतात. शाहिरांचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. माझ्यावरही कडवं झालं. बॅचने हसत हसत भाषांतर केलं: ‘ही भारतातून आली, तीन दिवस बोलली, आज पैसे देऊन गप्प बसली आहे.’ वरचा अर्थ कळला. आतला त्यांनी सांगितला नाही.

आता तुमची गावं.

लिस्बनमध्ये पहिल्या दिवशी मेन्यूकार्ड मोठ्याने वाचा. बताता, म्हणजे बटाटा. कोव, म्हणजे कोबी. कजू, अननाश, पपाया. पाव ते नाकात म्हणतात, ‘पांव’सारखं. खोलीची किल्ली मागायची तर ‘शाव’, त्यावरून आपली चावी. पैसे देणं म्हणजे ‘पगार’, त्यामुळे वेटरला बिल मागताना आपण त्याचा पगार काढतोय असं वाटतं. काल्दो वेर्दे नावाचं सूप घ्या, घोटलेल्या बटाट्यात केसासारखा बारीक चिरलेला पाला. पण वर सॉसेजची चकती टाकतात, म्हणून ‘शोरिसो नको’ हे आधीच सांगा. आणि टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं. हात लावला तर बिलात येतं, नको असेल तर परत न्यायला सांगा. मी पहिल्या रात्री सगळं संपवलं होतं.

फादो म्हणजे लिस्बनचं आपलं गाणं. त्यासाठी पुण्यातून डिनर शो बुक करू नका. महाग असतात, आणि जेवण बहुतेक मासळी-मांसाचं. आल्फामा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत लहान खानावळींमध्ये ‘फादो वादियो’ असतो. गल्लीतली माणसंच उठून गातात, कोणी टॅक्सीवाला, कोणी स्वयंपाकीण. आधी खाऊन जा, तिथे एखादं पेय घ्या. एक बारा तारांची पोर्तुगीज गिटार, एक साधी गिटार, बस. कोणीतरी म्हणतं, शांत व्हा, फादो सुरू होतोय. दिवे मंदावतात, आणि ताटं वाढणं थांबतं. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला तर गाणारी बाई डोळे वटारते. मी रमणबागेतल्या सवाईपासून मागे वेफर्सची पाकिटं कुरकुरताना ऐकत आले आहे. मला तो नियम इथे आणावासा वाटला. फादो गाणाऱ्या आमालिया रॉद्रिगिश १९९९ मध्ये गेल्या तेव्हा देशाने तीन दिवस दुखवटा पाळला. जाण्याआधी त्यांचं थोडं ऐकून जा, म्हणजे आल्फामातला टॅक्सीवाला कुठे त्यांच्यासारखं करतोय आणि कुठे नाही हे कळेल.

फ्रँकफर्टबद्दल लोक उगाच नाकं मुरडतात. तिथे ‘ग्र्यूने झोसं’ मागा: सात ताज्या हिरव्या पाल्यांची गार चटणी, आंबट मलईत, सोबत उकडलेले बटाटे आणि अंडी. तुमच्यासाठीच केल्यासारखं जेवण आहे. सात पाल्यांत अंबाडीची आठवण करून देणारा एक आंबट पाला असतो, चुक्यासारखा. दुसरा पदार्थ ‘हांडकेझं मिट मुझिक’, म्हणजे शब्दशः ‘संगीतासह चीज’. उग्र वासाचं चीज, वर कच्चा कांदा, व्हिनेगर, तेल. मी वेटरला भाबडेपणाने विचारलं, संगीत कुठेय? तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘नंतर. कांद्यामुळे.’ सेशनच्या आदल्या रात्री खाऊ नका. ऑक्टोबरात कांद्याचा केकही दिसेल, त्यात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात.

मधला शनिवार मोकळा असेल तर पहाटेच्या गाडीने लाइपझिगला जा, साधारण तीन तास लागतात. टोमास चर्चमध्ये संगीतकार बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, संगीतप्रमुख होता. तिथेच त्याची समाधी आहे. १२१२ पासून चालत आलेला मुलांचा गायकवृंद शाळेचं वेळापत्रक सांभाळून शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी तिथे गातो, नाममात्र पैशांत. जायच्या आधी सुट्ट्यांची तारीख बघा. मला बाख कळत नाही. पण दहा-बारा वर्षांची मुलं चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात आणि एकही दुसऱ्याच्या सुरात घसरत नाही, हे मागच्या बाकावर बसून ऐकताना माझा घसा दाटला. आपल्याकडे दोघांनी एकत्र षड्ज लावायचा म्हटला तरी तास जातो.

जकार्तात सांभाळून खा, कारण फसवणूक दिसत नाही. टेंपे, म्हणजे बुरशीने घट्ट बांधलेल्या सोयाबीनच्या वड्या, हे जावा बेटाचं देणं. तळून खा, तीळ घातलेल्या खमंग वडीसारखं लागतं. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याची चटणी, तुम्हाला शेंगदाण्याच्या आमटीची आठवण येईल. पण बहुतेक साम्बलमध्ये आणि कधीकधी दाण्याच्या चटणीतही तेरासी असते, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. ‘तान्पा तेरासी’, तेरासीशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. वर पापडासारखे क्रुपुक ठेवतात, तेही बहुधा कोळंबीचेच. पापड दिसला की हात जातो आपला, म्हणून सांगितलं.

गाण्यात तिथे सगळे तुम्हाला गामेलान, म्हणजे धातूच्या थाळ्या-घंटांचा वाद्यवृंद, सुचवतील. ऐका, सुंदरच आहे. पण मी म्हणेन, दांगदुत ऐका. नाव तबल्यासारख्या ढोलाच्या बोलांवरून पडलं, दांग आणि दुत. जुन्या हिंदी चित्रपटसंगीताचा, मलय आणि अरबी चालींचा त्यात मोठा वाटा. माझ्या बॅचमध्ये लग्नाच्या प्रश्नाला एकाने ‘दांगदुत’ लिहिलं आणि बाकीचे खुसखुसले, सुशिक्षित घरांत ते जरा खालचं समजतात. लावणीचं नाव काढल्यावर आमच्या सोसायटीतले काका असेच हसायचे. शेवटच्या दिवशी त्याच लोकांनी टेबलं बाजूला करून दांगदुत लावलं, आणि ठेका कानावर पडताच माझे पाय आपोआप हलले, कारण तो ठेका मी गणपतीच्या मांडवात लहानपणापासून ऐकत आले होते.

बाकीचं भराभर. बॅचच्या आदल्या रात्री नवीन काही खाऊ नका, प्रयोग शेवटच्या संध्याकाळी. घसा हीच आपली रोजी. मोठ्या आवाजाच्या जागी गप्पा मारू नका, नुसतं ऐका. एकटी बाई म्हणून रात्री अनोळखी गल्लीत मी कधीच जात नाही, बॅचमधल्या दोघी-तिघींना सोबत घेते. त्यांनाही कित्येकदा तेवढंच निमित्त हवं असतं. आणि मेतकूट खुशाल न्या. तिसऱ्या दिवशी गरम भात कुठेही मिळतो.

फराळ न्या, पण निवडून. चिवडा, शंकरपाळे, बाकरवडी जकार्तात मिनिटात संपते. मात्र परतीच्या वाटेवर दुबई आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. ती नेल्याबद्दल लोक तुरुंगात गेले आहेत. सिंगापूरलाही चालत नाही. त्यामुळे उरलेला डबा बॅगेत तसाच टाकून विमानात बसू नका. अनारशांवर ती दिसते तरी. बाकरवडीच्या सारणात आणि घरच्या मसाल्यात ती असते हे आपल्याला आठवतही नाही. माझी बॅग दर वेळी निघण्याआधी सासूबाई उघडून बघतात, आणि गेल्या वर्षी त्यांनीच कडबोळ्यांच्या खालून अनारशांची पुडी काढून घेतली. ती मी नाही, नवऱ्याने प्रेमाने ठेवली होती.